नळीवाटे घरचा आहार देतो, तरी सासूबाईंचे वजन उतरत आहे. काय बदलावे?

मांजलपूरकर (प्रश्न)

नमस्कार. आम्ही बडोद्यात मांजलपूरला राहतो. माझ्या सासूबाईंचे वय ७१ आहे. पक्षाघातामुळे त्यांची उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली आणि घास गिळता येईनासा झाला, म्हणून रुग्णालयातच नाकातून राईल्स ट्यूब, म्हणजे जठरापर्यंत जाणारी आहाराची नळी, घालण्यात आली. घरी आणल्याला दोन महिन्यांहून अधिक काळ झाला. सुटी देताना आम्हाला 'दर दोन-तीन तासांनी पातळ पदार्थ द्या' एवढेच सांगितले गेले. किती द्यायचे आणि त्यात काय असावे याचा कागद मिळाला नाही.

सध्या आम्ही सकाळी सातला दोन चमचे साखर घातलेले दूध, दहाला मुगाच्या वरणाचे गाळलेले पाणी, दुपारी एकला तांदळाची पातळ पेज, चारला शहाळ्याचे पाणी, सहाला मोसंबीचा रस आणि रात्री नऊला पुन्हा साखर घातलेले दूध देतो. प्रत्येक वेळचे प्रमाण २०० मिली आहे. दूध डेअरीच्या पिशवीतले, ३ टक्के स्निग्धांशाचे असते. आजारापूर्वी त्यांचे वजन ५८ किलो होते, आता ५२ आहे. खांद्यांची हाडे दिसू लागली आहेत आणि माकडहाडापाशी त्वचा लाल होते आहे. मधुमेह नाही, रक्तदाब आहे आणि तो औषधांनी आटोक्यात आहे.

आम्ही दाट खिचडी मिक्सरमधून काढून देऊन पाहिली, पण ती नळीत अडकते. पाणी घालून पातळ केली की मात्र जाते. डब्यातल्या तयार पावडरीवरच सगळा आहार ठेवणे दर महिन्याला परवडणारे नाही. घरातली वडीलधारी मंडळी 'अधूनमधून सलाईन लावा, म्हणजे ताकद येईल' असे सुचवतात. डॉक्टरांनी पोटातून नळी बसवण्याचा विचार करा असे सांगितले आहे, परंतु 'या वयात पोटाला भोक कशाला' या वाक्यापाशी घरातली चर्चा थांबते. आई डाव्या हाताने नाकातली नळी ओढतात आणि ती पुन्हा घालताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येते, ते मला पाहवत नाही. घरच्या स्वयंपाकघरातून त्यांचे पोषण नीट होऊ शकते का आणि पोटातल्या नळीविषयी कसा निर्णय घ्यावा, याविषयी अनुभवी व्यक्तींनी कृपया मार्गदर्शन करावे.

रावपुरा_आहार

ताई, मी रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षे काम केले आहे. तुम्ही वेळापत्रक इतके स्पष्ट लिहिले आहे की हिशोब लगेच मांडता येतो. साखरेसह दोन वेळचे दूध साधारण ३१० कॅलरी देते. वरणाचे गाळलेले पाणी ५०, पेज ७०, शहाळे ४० आणि मोसंबीचा रस ८५ धरला, तर दिवसभराची बेरीज साडेपाचशेच्या आसपास येते, आणि प्रथिने जेमतेम १५-१६ ग्रॅम भरतात. अंथरुणावरच्या प्रौढ रुग्णाला दर किलो वजनामागे २५ ते ३० कॅलरी आणि किमान १ ग्रॅम प्रथिने लागतात. त्वचा लाल होऊ लागली असेल, तर प्रथिनांची गरज सव्वा ते दीड ग्रॅमपर्यंत वाढते. म्हणजे ५२ किलोच्या व्यक्तीला रोज १३०० ते १५५० कॅलरी आणि निदान ५५ ते ६५ ग्रॅम प्रथिने हवीत. आईंना आज निम्म्याहून कमी अन्न आणि पाव हिश्शाइतकी प्रथिने मिळत आहेत. वेळा तुम्ही काटेकोरपणे पाळता, पण त्या सहा वेळांपैकी चार वेळा पोटात जवळपास पाणीच जाते. वरणाच्या वरच्या पाण्यात डाळीचे सत्त्व उतरते ही समजूत आपल्या घराघरांत आहे, परंतु प्रथिने राहतात ती गाळणीवर उरलेल्या डाळीत.

सलाईनविषयीही आकडाच सांगते. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे सुमारे ८५ कॅलरी. साध्या नॉर्मल सलाईनमध्ये कॅलरी मुळीच नसतात. एवढ्यासाठी शीर टोचण्यात अर्थ नाही. शिरेतून संपूर्ण आहार देण्याची पद्धत आहे, पण ती आतडे काम करत नसलेल्या रुग्णांसाठी असते, तिला मोठ्या शिरेतली नळी आणि कडक निर्जंतुकता लागते. आईंचे आतडे उत्तम चालते आहे, तेव्हा तेच वापरावे.

आता खिचडी अडकण्याविषयी, कारण खरी गोम तिथे आहे. शिजलेला भात किंवा रवा पाणी शोषून फुगतो आणि मिश्रण चिकट होते. पाणी घातले की ते पातळ होते खरे, पण त्याच २०० मिलीमध्ये अन्न निम्मे उरते. म्हणून पाणी न वाढवता चिकटपणा मोडायला हवा, आणि त्याची युक्ती आपल्याच गावात अभ्यासली गेली आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फूड्स अँड न्यूट्रिशन विभागात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात लहान मुलांच्या पेजेवर काम केले. धान्याला मोड येताना त्यात अमायलेझ नावाचे विकर (एन्झाइम) तयार होते, आणि ते पिठुळ पदार्थाच्या लांब साखळ्या तोडते. मोड आणलेल्या धान्याचे चमचाभर पीठ गरम, दाट पेजेत ढवळले की काही मिनिटांत तीच पेज ओतण्याइतकी पातळ होते आणि तिच्यातले अन्न तितकेच राहते. बाळांसाठी शोधलेला हा उपाय नळीच्या आहाराला नेमका लागू पडतो.

गहू किंवा नाचणी रात्रभर भिजवावी, ओल्या पंच्यात बांधून दीड-दोन दिवस चांगले मोड येऊ द्यावेत, कडक उन्हात वाळवावे, मोड चोळून काढावेत, मंद आचेवर अगदी हलके गरम करून दळावे. खमंग भाजू नये, कारण जास्त उष्णतेने विकर नष्ट होते. त्याच कारणाने हे पीठ उकळत्या खिचडीत टाकायचे नाही. गॅस बंद करून भांडे थोडे निवले, बोट बुडवता येणार नाही पण वाफांचा लोटही नाही अशा वेळी पीठ घालून दहा मिनिटे ढवळत राहावे. मिश्रण सैल पडल्यावर पुन्हा दोन-तीन मिनिटे उकळावे, कारण मोड आणताना धान्यावर जंतूही वाढतात. पावसाळ्यात आंबूस वास आलेले किंवा बुरशीचा ठिपका दिसलेले धान्य सरळ टाकून द्यावे.

एका दिवसाचे प्रमाण देते. ७५ ग्रॅम तांदूळ आणि ६० ग्रॅम मुगाची डाळ एकत्र अगदी मऊ शिजवून त्यात ३० ग्रॅम मोडाचे पीठ वरीलप्रमाणे मिसळावे. तुम्ही वापरता तेच ७५० मिली दूध, ३० ग्रॅम अगदी बारीक दळलेले फुटाण्याचे पीठ, २० मिली तेल आणि ३० ग्रॅम साखर घालून मिक्सरमधून फिरवावे आणि बारीक गाळणीतून, मग सुती कापडातून गाळावे. उकळलेले पाणी घालून एकूण दीड लिटर करावे. यातून सुमारे १४०० कॅलरी आणि ५० ग्रॅमच्या थोडी वर प्रथिने मिळतात. घरात चालत असेल, तर डाळीसोबत पूर्ण उकडलेले एक अंडे फिरवावे, ६ ग्रॅम प्रथिने वाढतील. २५० मिलीच्या सहा वेळा होतात. मिठाचे प्रमाण रक्तदाबाच्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. जीवनसत्त्वे आणि खनिजे या मिश्रणातून पुरेशी मिळत नाहीत, म्हणून त्यांचे सिरप लिहून घ्यावे. जमल्यास सहापैकी दोन वेळा तयार पावडर द्यावी. माझ्या मते घरच्यासाठी हाच मध्यममार्ग सर्वांत टिकाऊ आहे.

तयार केलेला आहार लगेच फ्रीजमध्ये ठेवून २४ तासांत संपवावा आणि बाहेर काढलेला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. बडोद्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात मी तासभरही ठेवू देणार नाही. कोमट करण्यासाठी वाटी गरम पाण्यात ठेवावी.

कारेलीबाग_एमडी

वरचा हिशोब बरोबर आहे, परंतु एक गोष्ट ठळकपणे सांगणे आवश्यक आहे: साडेपाचशेवरून चौदाशेवर एका दिवसात जाऊ नका. कित्येक आठवडे अर्धपोटी राहिलेल्या शरीराला अचानक भरपूर पिष्टमय अन्न मिळाले, की इन्सुलिन वाढते आणि रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम पेशींत ओढले जाऊन त्यांची पातळी धोकादायकपणे खाली येऊ शकते. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात, आणि त्यात हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आपल्या डॉक्टरांकडून ही तीन द्रव्ये आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन तपासून घ्या, वाढ सुरू करण्यापूर्वी थायमिन म्हणजे बी-१ सुरू करण्याविषयी विचारा, आणि मग पाच ते सात दिवसांत पायरीपायरीने पूर्ण प्रमाणावर या. मूत्रपिंडाचा विकार निघाला, तर प्रथिनांचे प्रमाणही बदलेल.

देण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची आहे. पाठ ३० ते ४५ अंशांत उंच असावी. नुसती डोक्याखाली उशी घातली तर मान वाकते आणि पोट दाबले जाते, म्हणून पलंगाचा डोक्याकडचा भागच उचलावा किंवा कंबरेपासून वर आधार द्यावा. आहार झाल्यावर निदान अर्धा तास, शक्यतो तासभर, तसेच ठेवावे. ५० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून तिचा नरसाळ्यासारखा उपयोग करावा आणि २५० मिली पंधरा-वीस मिनिटांत आपल्या वजनाने उतरू द्यावे, दट्ट्याने ढकलू नये. आधी आणि नंतर ३० मिली पाणी द्यावे. पाण्याचा एकूण हिशोब दर किलोमागे साधारण ३० मिली असा धरतात.

नळी जागेवर आहे की नाही हे प्रत्येक वेळी पाहावे. नाकपुडीपाशी नळीवर पक्क्या शाईची खूण करा. ती खूण बाहेर सरकलेली दिसली, किंवा आई खोकू लागल्या, तर आहार देऊ नका. हवा सोडून स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्याची पद्धत अजूनही घरोघरी वापरली जाते, पण ती भरवशाची नाही, कारण फुफ्फुसात गेलेल्या नळीतूनही तसा आवाज येऊ शकतो. नळीतून काढलेल्या द्रवाचा पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, ५.५ किंवा त्याहून कमी आला, तर ती जठरात असल्याचे मानता येते. आम्लता कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा आकडा वर जातो, आणि शंका राहिली तर एक्स-रे हाच निर्णायक असतो. नवी नळी घातल्यावर पहिला आहार या खात्रीशिवाय मुळीच देऊ नये, मग नळी घालणारी व्यक्ती कितीही अनुभवी असो.

तोंडाने काही जात नाही म्हणून तोंड स्वच्छ करणे बहुतेक घरांत थांबते. ते दिवसातून दोनदा मऊ ब्रशने, डोके उंच ठेवून करावे. लाळेबरोबर तोंडातले जंतू श्वासनलिकेत उतरतात आणि न्यूमोनियाचे ते एक मोठे कारण असते.

दवाखाना_दांडियाबाजार

माझे औषधांचे दुकान आहे, म्हणून फक्त औषधांविषयी लिहितो. पक्षाघाताच्या रुग्णाला बहुधा ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन असते, आणि आपल्याकडे ती बहुतेक वेळा आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाची मिळते. अशी गोळी कुटली की आवरणाचे पापुद्रे होतात, आणि नळी तुंबण्यामागे अन्नाइतकेच हे पापुद्रेही असतात. आम्लता कमी करणारी पँटोप्रॅझोलची गोळीही तशीच असते. ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, एक्सआर, एक्सएल किंवा ईआर लिहिलेले असते ती तर कुटूच नये, कारण दिवसभर हळूहळू सुटायचे औषध एकदम सुटते. रक्तदाबाच्या गोळीच्या बाबतीत यामुळे दाब धोकादायकरीत्या उतरू शकतो. गोळ्यांची पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विरघळणारा किंवा सिरपचा पर्याय लिहून घ्या.

कुटता येणाऱ्या गोळ्या एकेक करून बारीक पूड करून पाण्यात कालवाव्यात, आहारात मिसळू नयेत, आणि दोन औषधांच्या मध्ये १०-१५ मिली पाणी सोडावे. फिट येऊ नये म्हणून फेनिटॉइन चालू असेल, तर आहारासोबत ते नीट शोषले जात नाही. त्याच्या आधी आणि नंतर साधारण दोन तास आहार थांबवण्याची पद्धत आहे, त्याप्रमाणे वेळापत्रक लावून घ्यावे.

नळी तुंबलीच तर कोमट पाणी भरून सिरिंजने हलके मागेपुढे करावे. कोला किंवा लिंबाचा रस घालू नये, आम्लामुळे दुधातली प्रथिने आणखी घट्ट होतात. तार घालण्याचा प्रयत्न तर कधीच करू नये. नळीच्या मागच्या टोकावर तिचा क्रमांक छापलेला असतो. १४ किंवा १६ असेल तर वरच्या पद्धतीने गाळलेला घरचा आहार जातो, १० किंवा १२ क्रमांकाच्या बारीक नळीतून शक्यतो तयार पावडरच द्यावी. साधी पीव्हीसीची नळी एक-दोन आठवड्यांत कडक होते. सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनची महिनाभर किंवा अधिक टिकते. नळी बदलताना आईंना होणारा त्रास पाहता, पोटातल्या नळीचा निर्णय होईपर्यंत ही जास्त टिकणारी नळी वापरून पाहावी असे मी सुचवीन.

सयाजीगंज_७४

माझ्या वडिलांना पक्षाघातानंतर पोटातून नळी बसवली, तेव्हा आमच्याही घरात हेच वाक्य बोलले गेले होते. त्यामुळे पोटाला भोक या शब्दांमागची भीती मी समजू शकतो, आणि म्हणूनच प्रत्यक्षात काय होते ते लिहितो.

या पद्धतीला पेग म्हणतात. १९७९ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंड येथे गाउडरर आणि पॉन्स्की या डॉक्टरांनी ती प्रथम लहान मुलांसाठी केली. त्याआधी जठरात नळी घालायची म्हणजे पोट उघडून शस्त्रक्रिया करावी लागत असे. आता तोंडातून दुर्बीण घालतात, थोडी गुंगी आणि जागेवर भूल देतात, आणि साधारण अर्ध्या तासात काम होते. आमच्याकडे त्याच संध्याकाळी पाणी आणि मग आहार सुरू झाला. गिळणे परत आले तर नळी काढता येते आणि छिद्र आपोआप बुजते, हे ऐकल्यावर आमच्या काकांचा विरोध मावळला.

डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावले होते की पक्षाघातानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत घाईने पेग बसवणे हिताचे नसते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फूड' नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत सुरुवातीच्या काळासाठी नाकातली नळीच सरस ठरली होती. मात्र नळीची गरज चार ते सहा आठवड्यांच्या पुढे जाणार असे दिसले, की पेगचा विचार करावा असा सर्वसाधारण संकेत आहे. तुमच्या सासूबाई त्या टप्प्याच्या पुढे गेल्या आहेत. त्या नळी ओढतात हेही पेगच्या बाजूचे कारण आहे. रक्त पातळ करणारी औषधे, विशेषतः क्लोपिडोग्रेल, काही दिवस थांबवावी लागतात, पण तो निर्णय मेंदूच्या डॉक्टरांनीच घ्यावा.

काळजीचे म्हणाल तर रोज कोमट पाणी आणि साबणाने जागा धुऊन कोरडी करावी, आणि जखम भरल्यावर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे नळी हलकेच आत-बाहेर करून पूर्ण फिरवावी, नाही तर आतली चकती जठराच्या आवरणात रुतू शकते. आम्ही सुती बनियनवर पोटाभोवती रुंद पट्टा बांधत असू, त्यामुळे बाबांचा हात नळीपर्यंत पोहोचत नसे. पहिल्या महिन्यात नळी निघाली तर घरी कोणीही ती परत घालू नये, कारण वाट अजून तयार झालेली नसते. नंतरच्या काळात निघाली तर काही तासांत रुग्णालयात पोहोचावे, छिद्र फार लवकर आक्रसते. पेगमुळे आहार श्वासनलिकेत जाण्याचा धोका संपत नाही, त्यामुळे पाठ उंच ठेवण्याचा नियम तसाच राहतो.

आणखी एक विनंती आहे. गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडून आईंना पुन्हा तपासून घ्या. पक्षाघातानंतर गिळणे काही जणांत महिन्यांनी सुधारते, आणि घरी आणल्यावर ते कोणी तपासतच नाही असे होऊ शकते. बाबांना पुढे चमचाभर घट्ट दही तोंडाने देण्याची परवानगी मिळाली. पोषण पेगनेच चालू राहिले, पण ताटे वाढली की ते आमच्याबरोबर टेबलाशी बसू लागले.

मांजलपूरकर

सर्वांचे मनापासून आभार. मोडाचे पीठ घालून खिचडी केली. चमच्यावरून न पडणारे मिश्रण डोळ्यांदेखत सैल झाले आणि सिरिंजमधून न अडकता उतरले. रक्ततपासणी झाली असून पोटॅशियम थोडे कमी आले आहे. डॉक्टरांनी थायमिन सुरू केले आणि प्रमाण हळूहळू वाढवायला सांगितले आहे. अ‍ॅस्पिरिनची गोळीही बदलून मिळाली. पेगविषयी यजमान आणि दीर गॅस्ट्रोच्या डॉक्टरांना भेटणार आहेत आणि वडीलधाऱ्यांनाही सोबत नेणार आहेत. दोन शंका राहिल्या आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा एवढा वेळ आहाराविना चालेल का? आणि आई उभ्या राहू शकत नाहीत, तर वजन वाढते आहे की नाही हे घरी कसे पाहावे? मागच्या वेळी रुग्णवाहिकेतून नेऊन करावे लागले होते.

रावपुरा_आहार

ताई, मधुमेह नसल्यामुळे रात्रीचे आठ-नऊ तास चालतील, आणि जठर रिकामे राहिल्याने झोपेत आहार वर येण्याची भीतीही कमी होते. शेवटचा आहार नऊपर्यंत संपवा, म्हणजे आडवे करण्यापूर्वी तासभर हाती राहील, आणि सकाळी सहाला आधी ५०-६० मिली पाणी देऊन मग आहार द्या.

वजनासाठी रोज धडपडू नका. त्यांच्या डाव्या, म्हणजे चांगल्या दंडावर खांद्याचे टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये पेनाने खूण करा आणि शिंप्याच्या टेपने, न आवळता, दंडाचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून वहीत लिहा. दर आठवड्याला त्याच वारी, त्याच खुणेवर, शक्यतो एकाच व्यक्तीने मोजावे. लुळ्या हाताचे स्नायू वापराअभावी तसेही बारीक होतात आणि त्यावर सूजही असू शकते, म्हणून तो मोजू नये. महिन्याने एकदा मुलाने आईंना उचलून घरच्या काट्यावर उभे राहावे, मग एकट्याने उभे राहून फरक काढावा. त्याच वहीत रोज प्रत्यक्षात किती मिली आहार गेला, उलटी झाली का, शौच कसे झाले आणि माकडहाडापाशी लाली किती आहे हे लिहा, आणि पेगसाठी जाताना ती वही सोबत न्या. दंडाचा घेर तीन आठवड्यांत उतरतच राहिला तर प्रमाण पुन्हा मांडू. मला इथेच आकडे कळवा.